रेघेची वाहिनी कशी होते? कर्नाळ्याच्या नव्या शहराआधी जुन्या ड्रॉइंगचं करायचं काय

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. सरकारी नाव ‘कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर’, लोकांच्या तोंडी ‘तिसरी मुंबई’. जमिनीचं काय होणार, मोबदला कसा मिळणार, यावर गावागावांतून हरकती गेल्या, सभा झाल्या. त्या मानाने एका गोष्टीची चर्चा फारशी होत नाही. या ३२३ चौरस किलोमीटरमध्ये आजही विजेचे खांब उभे आहेत, पाण्याचे पाइप पुरलेले आहेत, रस्त्याकडेने फायबर गेलेली आहे. नव्या शहराच्या वाहिन्या आखायच्या, तर आधी या जुन्या वाहिन्या नेमक्या कुठे आहेत आणि कशाला जोडलेल्या आहेत, हे कळायला हवं.

उत्तर कुठल्या ना कुठल्या ऑफिसात आहे. महावितरणकडे विजेच्या वाहिन्यांची ड्रॉइंग आहेत, जीवन प्राधिकरण आणि जिल्हा परिषदेकडे पाणीयोजनांची, सिडकोकडे नगररचनेची, महामार्गवाल्यांकडे रस्त्याची. अडचण अशी, की ही ड्रॉइंग म्हणजे बहुतेक वेळा नुसत्या रेघा असतात. त्या रेघांपासून कॉम्प्युटरला समजेल असं वाहिन्यांचं जाळं तयार करणं हे एक स्वतंत्र आणि किचकट काम आहे. ते कसं चालतं आणि कुठे फसतं, ते पाहू.

रेघ आणि वाहिनी यांत फरक काय?

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ साली आलं आणि पुढच्या काही वर्षांत ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि रोट्रिंग पेन यांची जागा त्याने घेतली. पण काम तेच राहिलं: माणसाला वाचता येईल असं चित्र काढायचं. चित्रात लाल रेघ दिसली आणि तिच्यावर ‘११ केव्ही’ असं लिहिलेलं दिसलं, की इंजिनिअरला कळतं ही उच्चदाब वाहिनी आहे. कॉम्प्युटरला मात्र एवढंच माहीत असतं की या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एक लाल रेघ आहे, आणि तिच्या शेजारी काही अक्षरं आहेत. ती अक्षरं त्या रेघेबद्दल आहेत, हेसुद्धा त्याला माहीत नसतं.

जमिनीच्या भाषेत सांगायचं तर नुसती रेघ म्हणजे हाताने काढलेला शेताचा कच्चा नकाशा. बांध दिसतो, आकार दिसतो. पण मालक कोण, क्षेत्र किती, बोजा आहे का, पूर्वी कोणाच्या नावावर होतं, हे कळायला सातबारा लागतो. सुविधांच्या नकाशात रेघेला असा सातबारा जोडला, की ती ‘घटक’ होते. इंग्रजीत याला फीचर म्हणतात आणि मराठी ऑफिसातही सर्रास फीचरच म्हणतात. विजेच्या वाहिनीच्या फीचरमध्ये तिचा दाब, तारेचा प्रकार, टाकल्याचं साल, ती कोणत्या उपकेंद्रातून निघते, कोणत्या खांबावर टेकते आणि कोणत्या ट्रान्सफॉर्मरला पोसते हे सगळं असतं. पुढे तार बदलली तर त्याची नोंद होते, जशी जमिनीची फेरफारात होते.

सातबाऱ्यात नसलेली एक गोष्ट मात्र इथे असते, ती म्हणजे जोडणी. प्रत्येक घटकाला त्याचा शेजारी माहीत असतो. त्यामुळे ‘हा व्हॉल्व्ह बंद केला तर कोणत्या घरांचं पाणी जाईल?’ असा प्रश्न विचारता येतो आणि उत्तर काही सेकंदांत मिळतं. हाच प्रश्न ड्रॉइंगला विचारायचा तर मोठा कागद पसरून, बोट फिरवत बसावं लागतं.

जुनी ड्रॉइंग येतात कुठून?

सगळी ड्रॉइंग एका तोलाची नसतात. काही निळ्या अमोनिया प्रिंट असतात, घड्यांवर फाटलेल्या. काही त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती. त्यांत तर रेघसुद्धा नसते, फक्त काळे-पांढरे ठिपके असतात, आणि कोणीतरी त्यांच्यावरून माऊसने पुन्हा रेघा ओढाव्या लागतात. काही ऑटोकॅडच्या फाइल असतात, पण त्यांतही खरा प्रश्न वेगळाच: हे टेंडरच्या वेळचं ड्रॉइंग आहे की काम झाल्यानंतरचं?

टेंडरचं ड्रॉइंग म्हणजे इरादा. काम करताना खडक लागतो, शेतकरी अडवतो, नाला आडवा येतो, आणि पाइप चार मीटर सरकतो. नियमाप्रमाणे काम संपल्यावर ठेकेदाराने ‘अ‍ॅज-बिल्ट’, म्हणजे प्रत्यक्षात जसं झालं तसं, ड्रॉइंग द्यायचं असतं. बांधकाम खात्यांत वावरलेल्या कोणालाही ठाऊक असतं, की पुष्कळदा टेंडरच्याच फाइलचं नाव बदलून ती अ‍ॅज-बिल्ट म्हणून जमा होते. हे ओळखायची एक साधी खूण आहे. ज्या ड्रॉइंगमध्ये डोंगराळ भागातला पाइपही पट्टीने आखल्यासारखा सरळ जातो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

विजेच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. उपकेंद्रांत आणि सेक्शन ऑफिसात ‘सिंगल लाइन डायग्राम’ टांगलेला असतो. तो रोजच्या कामाला फार उपयोगी, कारण कोणती वाहिनी कुठून निघते आणि कोणते स्विच लागतात हे त्यात एका नजरेत दिसतं. पण तो नकाशा नसतो. मुंबईच्या लोकलच्या डब्यात दारावर जो स्टेशनांचा तक्ता असतो, तसा तो असतो: क्रम बरोबर, अंतर आणि दिशा काल्पनिक. असा डायग्राम भूगोल समजून नकाशावर बसवला, तर खांब थेट खाडीत उभे राहतात. त्याचा खरा उपयोग जोडण्या तपासायला आहे. जागा मात्र दुसरीकडून घ्यावी लागते.

आधी ड्रॉइंग जमिनीवर बसवायचं

पहिली पायरी म्हणजे ड्रॉइंगला पृथ्वीवरची खरी जागा देणं. बहुतेक ड्रॉइंगमध्ये काढणाऱ्याने आपल्या सोयीने कुठलातरी कोपरा शून्य धरलेला असतो. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल तशीच उघडली, तर कर्नाळ्याचं गाव आफ्रिकेच्या पश्चिमेला विषुववृत्ताजवळच्या समुद्रात, म्हणजे शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशावर जाऊन पडतं. नकाशाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं.

कर्नाळा यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतं. तिथल्या बिंदूंचे आकडे मीटरमध्ये पूर्वेकडचे सुमारे ३ लाख आणि उत्तरेकडचे २१ लाखांच्या जरा आत असे येतात. ड्रॉइंगमधले आकडे या घरात नसतील, तर ते दुसऱ्या कुठल्यातरी हिशेबात आहेत. कधी एककाचा घोळ असतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये काढलेलं आणि कॉम्प्युटरने मीटर समजून घेतलं, तर एक किलोमीटरची वाहिनी हजार किलोमीटरची होते, म्हणजे कर्नाळ्याहून निघून गोव्याच्याही कितीतरी पलीकडे जाते. ही चूक बरी, कारण ती लगेच दिसते.

न दिसणारी चूक जास्त महाग पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीच्या प्रतिमानावर बेतलेले होते, आणि मोबाइलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वापरतो. दोन्हींत एकाच जागेचे अक्षांश-रेखांश वेगवेगळे येतात. कोकणपट्टीत हा फरक शंभर मीटरच्या आसपास भरतो. जुन्या नकाशावर बेतलेलं ड्रॉइंग रूपांतर न करता उपग्रहाच्या चित्रावर ठेवलं, तर सगळं काही ठीकठाक दिसतं, फक्त पाइपलाइन शेजारच्या वाडीतून जाते.

ड्रॉइंग बसवायला दोन्हीकडे स्पष्ट दिसणारे बिंदू लागतात. कर्नाळ्यात आलेल्या नवख्याला पहिला मोह होतो तो किल्ल्यावरच्या सुळक्याचा. तो अंगठ्यासारखा उभा सुळका महामार्गावरून, रेल्वेतून, कुठूनही ओळखता येतो. पण वरून घेतलेल्या चित्रात उंच वस्तू एका बाजूला कलल्यासारखी दिसते आणि तिचा माथा पायथ्यापासून सरकतो. दुरुस्त न केलेल्या चित्रावर अशा सुळक्याला खुंटी मानणं म्हणजे सगळं ड्रॉइंग वाकडं टांगणं. त्यापेक्षा महामार्गावरची मोरी, देवळाच्या चौथऱ्याचा कोपरा, विहिरीचा कठडा अशा बुटक्या, टणक आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत न हललेल्या वस्तू बऱ्या. अर्थात मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्प्यापासून इंदापूरपर्यंत चौपदरीकरण काढल्यानंतर जुन्या मोऱ्या तरी जागेवर आहेत का, हे आधी पाहावं लागतं.

‘डीपी’ म्हणजे नक्की काय?

जागा मिळाली. आता प्रत्येक रेघेला विचारायचं: तू कोण?

चांगल्या शिस्तीच्या ड्रॉइंगमध्ये याचं उत्तर लेयरमध्ये असतं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. एका कागदावर रस्ते, दुसऱ्यावर पाणी, तिसऱ्यावर वीज. खांब, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर यांच्यासाठी तयार चिन्हं असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. मग एक नियमावली बनवता येते: या लेयरवरची तुटक रेघ म्हणजे भूमिगत केबल, त्या लेयरवरचा गोल ब्लॉक म्हणजे खांब. नियम एकदा बसले की हजारो रेघा एका दमात वर्ग बदलतात. सॉफ्टवेअरची जाहिरात साधारण इथपर्यंतच दाखवते.

प्रत्यक्षात घाईत काढलेल्या फाइलमध्ये सगळं ‘शून्य’ नावाच्या एकाच लेयरवर सापडतं. एका ऑफिसात निळा रंग पाण्याचा असतो, दुसऱ्यात गटाराचा. आणि शब्दांचं तर विचारूच नका. ‘डीपी’ हा शब्द घ्या. गावात ‘डीपी जळाली’ म्हणतात तेव्हा ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो. मुळात डीपी म्हणजे डबल पोल, म्हणजे दोन खांबांचा सांगाडा, ज्यावर ट्रान्सफॉर्मर बसवतात. पण डबल पोल नुसता स्विच बसवायला किंवा वाहिनी वळवायलाही उभा करतात, तिथे ट्रान्सफॉर्मर नसतोच. शहरी भागात डीपी म्हणजे डिस्ट्रिब्युशन पिलर, रस्त्याकडेचा लोखंडी पेटारा. आणि नगररचना खात्याच्या ड्रॉइंगवर डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, ज्यातला ‘डीपी रोड’ अजून झालेलाही नसतो. पनवेलच्या आसपास ही चारही मंडळी एकाच टेबलावर आपली ड्रॉइंग आणून ठेवतात. सगळ्या ‘डीपी’ ट्रान्सफॉर्मर धरल्या, तर कागदावर गावाची वीज दुप्पट होते.

तारांची नावं तर प्राण्यांची. अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या तारांना जाडीप्रमाणे डॉग, रॅबिट, विझल, स्क्विरल अशी नावं आहेत. डॉग साधारण १०० चौरस मिलिमीटरची, रॅबिट ५० ची, पुढच्या दोन्ही आणखी बारीक. पक्षी अभयारण्याच्या ड्रॉइंगवर ‘रॅबिट’ लिहिलेलं दिसलं तर तो वनखात्याचा ससा नव्हे. गंमत बाजूला ठेवली तरी ही नोंद महत्त्वाची आहे. तारेची जाडी चुकीची भरली गेली, तर ती किती भार पेलेल आणि शेवटच्या घरापर्यंत दाब किती उतरेल, हे दोन्ही हिशेब चुकतात.

मराठीत लिहिलेल्या ड्रॉइंगची आणखी एक खास अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी ऑफिसांत श्रीलिपी, कृतीदेव असे फॉन्ट वापरत. त्यांत ‘पाण्याची टाकी’ असं दिसणारं अक्षर फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ म्हणून साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळे मजकूर अगम्य होतात आणि मजकुरावर बेतलेला कुठलाही नियम चालत नाही. आधी अक्षरं युनिकोडमध्ये आणावी लागतात, मग पुढचं काम.

रेघा भेटल्या, पण जोडल्या गेल्या का?

हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि वेळही इथेच सर्वाधिक जातो.

ड्रॉइंगमध्ये दोन रेघा डोळ्यांना जुळलेल्या दिसतात. खूप जवळ जाऊन पाहिलं तर मध्ये दोन सेंटिमीटरची फट असते. छापलेल्या कागदावर ती दिसणार नाही, त्यामुळे ड्राफ्ट्समनचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. पण जाळ्याच्या हिशेबात फट म्हणजे तुटलेली वाहिनी आणि पलीकडचं सगळं गाव अंधारात. म्हणून सॉफ्टवेअरला सांगतात, की अमुक अंतराच्या आतली टोकं एकमेकांना चिकटव. याला स्नॅपिंग म्हणतात. अंतर किती ठेवायचं, यात खरी कसोटी असते. फार कमी ठेवलं तर फटी राहतात. फार जास्त ठेवलं तर एकाच खांबावरून जाणाऱ्या दोन वेगळ्या वाहिन्या एक होतात. वरच्या आडव्या पट्टीवर एका उपकेंद्राची, खालच्यावर दुसऱ्याची, असे खांब नवे नाहीत.

उलटंही होतं. दोन रेघा एकमेकींना छेदतात, पण जमिनीवर त्या भेटत नाहीत: एक वरून जाते, दुसरी खालून. कॉम्प्युटरने प्रत्येक छेद म्हणजे जोड मानला, तर महामार्गाखालून पाइपच्या कवचातून गेलेली जलवाहिनी दुसऱ्याच योजनेच्या पाइपला जोडली जाते.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे ड्राफ्ट्समनने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी मुद्दाम केलेला फेरफार. रस्त्याच्या कडेला एकाच चरात पाण्याचा पाइप, विजेची केबल आणि फायबर अर्ध्या-अर्ध्या फुटावर असतील, तर छापल्यावर तिन्ही रेघा एकमेकींवर चढतील. म्हणून चित्रात त्या दोन-दोन मीटर अंतरावर काढतात. माणसासाठी हे चांगलं ड्रॉइंग. पण रूपांतर झालं की ती दोन मीटरची सोय नकाशातलं सत्य बनते. रेघ फीचर झाली की तिला आकडे चिकटतात, दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत. रेघ काढणाऱ्याने जे ‘साधारण इथे’ म्हणून दाखवलं होतं, ते आता मिलिमीटरच्या तोऱ्यात बोलू लागतं. जेसीबीचा ऑपरेटर किंवा त्याचा सुपरवायझर त्या आकड्यावर विसंबून खोदतो.

स्विच आणि व्हॉल्व्ह यांची अवस्था हाही जोडणीचाच भाग. दोन उपकेंद्रांच्या वाहिन्या टोकाला एकमेकींना भेटतात, पण मध्ये एक स्विच नेहमी उघडा ठेवलेला असतो. एका बाजूला बिघाड झाला तर तो जोडून दुसरीकडून वीज देता येते. ड्रॉइंगमध्ये तिथे बहुधा रेघ अखंड दाखवलेली असते आणि वर एक छोटं चिन्ह. चिन्ह वगळलं गेलं, की मॉडेलमध्ये दोन्ही उपकेंद्रं कायमची जोडली जातात. वाहिनीवर चढण्याआधी लाइनमन ‘परमिट’ घेतो, म्हणजे वाहिनी बंद केल्याची लेखी खात्री. कुठले स्विच उघडले म्हणजे हा तुकडा खरोखर मेलेला असेल, हे ठरवताना उद्या कोणी या मॉडेलवर भिस्त ठेवली आणि दुसऱ्या बाजूचा रस्ता त्यात चुकीचा नोंदलेला असला, तर त्याची किंमत खांबावरचा माणूस मोजतो. प्रत्यक्ष दाब तपासणं आणि तार अर्थ करणं हे म्हणूनच कुठल्याही नकाशाच्या वर राहतं.

पाण्यात जिवावर बेतत नाही, पण वैताग कमी नसतो. गावातला व्हॉल्व्हमन कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की वरच्या आळीला पाणी चढतं, हे अचूक सांगतो. ड्रॉइंगमध्ये तोच व्हॉल्व्ह एक फुली असते. ती स्लुइस व्हॉल्व्ह आहे, की चढावर हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह, की उतारावर गाळ काढणारा स्कावर व्हॉल्व्ह, हे ठरल्याशिवाय पाण्याच्या दाबाचा हिशेब पुढे सरकत नाही. बऱ्याचदा उंची पाहून अंदाज बांधता येतो: फुली टेकाडावर असेल तर एअर, ओढ्याजवळ असेल तर स्कावर. तरी व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन एक दिवस फिरणं हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. तो निवृत्त व्हायच्या आत फिरलेलं बरं.

आहे ते, होणार ते आणि मेलेलं

डिझाइनसाठी रूपांतर करताना प्रत्येक घटकाची स्थिती नोंदवावी लागते. अस्तित्वात आहे, प्रस्तावित आहे, काढून टाकायचा आहे, की जमिनीतच सोडून दिलेला आहे? जुना बिडाचा पाइप बंद करून शेजारून नवा टाकला, तर जुना सहसा कोणी उकरून काढत नाही. ड्रॉइंगमध्ये दोन्ही रेघा दिसतात. खोदताना दोन्ही लागतात. पाणी मात्र एकातच असतं.

स्थिती नीट भरली, की या कामाचा सर्वात रोकडा फायदा दिसतो: एस्टिमेट. ड्रॉइंगमधला खांब म्हणजे गोल. डिझाइनमधला खांब हा स्वतःबरोबर सामानाची यादी घेऊन येतो: खांब, क्रॉस आर्म, इन्सुलेटर, ताण, अर्थिंग, पायाचं काँक्रीट. इंजिनिअरने वाहिनी दोनशे मीटर लांबवली, तर वाढलेले खांब आणि सामान आपोआप दरसूचीप्रमाणे मोजलं जातं. जुना घटक ‘काढायचा’ म्हणून नोंदला असेल, तर परत मिळणाऱ्या सामानाचा हिशेबही लागतो. नुसत्या रेघांच्या ड्रॉइंगवरून हे सगळं हाताने मोजावं लागतं आणि मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो.

मध्येच अभयारण्य

कर्नाळ्यात या सगळ्याला आणखी एक धार आहे. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवरचं कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झालं. तेव्हा क्षेत्र ४.४८ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते १२.११ चौरस किलोमीटर झालं. देशातल्या लहान अभयारण्यांपैकी हे एक, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या मधून जातो. रस्त्याच्या कडेने वाहिनी न्यायची म्हणजे काही अंतर अभयारण्यातून न्यायची. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि वनसंवर्धन कायदा १९८० लागू होतात. परवानगीच्या अर्जात पहिला प्रश्न असतो: किती लांबी आणि किती क्षेत्र हद्दीत येतं?

वाहिनी फीचर असेल आणि अभयारण्याची हद्दही व्यवस्थित बंद झालेली आकृती असेल, तर एकीने दुसरीला कापून उत्तर क्षणात निघतं. पण हद्दसुद्धा शेवटी कुठल्यातरी ड्रॉइंगमधूनच आलेली असते. ती जुन्या क्षेत्राची आहे की वाढीव? रस्त्याची जमीन तिच्यात धरली आहे की वगळली आहे? वाहिनी हद्दीच्या काठाकाठाने जात असेल, तर दहा मीटरच्या चुकीने शेकडो मीटरचं काम परवानगीच्या आत किंवा बाहेर जातं. इथे वाहिनीचं ड्रॉइंग बसवताना वापरलेली मोरी आणि हद्द मोजताना वापरलेला दगड एकाच हिशेबात असणं हे सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं. विजेच्या बाबतीत पक्ष्यांचाही विचार येतो. उघडी तार, झाकलेली तार की भूमिगत केबल, हे घटकाच्या नोंदीत असेल तरच ‘झाडीतून जाणाऱ्या उघड्या तारा दाखव’ असं विचारता येतं.

रेघेवर विश्वास किती ठेवायचा?

या प्रश्नाचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने दिलं. एएससीई ३८ नावाचं त्यांचं मानक २००२ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये सुधारलं गेलं. त्यात जमिनीखालच्या प्रत्येक वाहिनीच्या माहितीला दर्जा देतात. फक्त जुन्या कागदांवरून कळलेली वाहिनी ‘ड’ दर्जाची. वर दिसणारी झाकणं, खांब, चेंबर यांच्याशी ताडून पाहिलेली ‘क’. जमिनीत लहरी सोडून किंवा तत्सम उपकरणाने शोधलेली ‘ब’. आणि खड्डा खणून प्रत्यक्ष पाहिलेली, मोजलेली ‘अ’. फीचर बनवताना एवढा एक रकाना भरला, तर आधी सांगितलेला मिलिमीटरचा तोरा पुष्कळसा उतरतो. पाहणाऱ्याला कळतं की हा पाइप कोणी पाहिलेला नाही, खोदण्याआधी ट्रायल पिट घ्या.

हे न केल्याचे परिणाम जगाने पाहिलेले आहेत. बेल्जियममधल्या गिलेंगिएन इथे ३० जुलै २००४ रोजी गॅसच्या मुख्य वाहिनीचा स्फोट होऊन २४ जण मृत्युमुखी पडले. बांधकामाच्या वेळी वाहिनीला धक्का लागला होता. त्यानंतर तिथे खोदकामाआधी वाहिन्यांची माहिती घेणं आणि देणं याची व्यवस्था कडक झाली. भारतात २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा टाकायची, तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. ते आणताना केंद्र सरकारने दिलेला अंदाज असा, की बेफिकीर खोदाईमुळे दरवर्षी एकट्या ऑप्टिकल फायबरचे सुमारे १० लाख तुकडे होतात आणि सुमारे ३ हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं. या अ‍ॅपची मर्यादाही उघड आहे. ज्या वाहिनीची रेघ अजून कपाटातल्या कागदावर आहे, तिच्या मालकाला सूचना कशी जाणार?

सॉफ्टवेअर कोणतं?

लोकांना सगळ्यात आधी हा प्रश्न पडतो, पण त्याचं महत्त्व सगळ्यात कमी. मोठ्या कंपन्या एसरीचं युटिलिटी नेटवर्क किंवा ऑटोडेस्कच्या साधनांभोवती उभारलेली डिझाइन प्रणाली वापरतात. पैसे नसतील तर क्यूजीआयएस हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर ऑटोकॅडच्या डीएक्सएफ फाइल वाचतं आणि जोडण्याही तपासतं. पाण्याच्या दाबाचा हिशेब करायला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये काढलेलं एपानेट आजही फुकट मिळतं आणि जगभर वापरलं जातं. एखाद्या ग्रामपंचायतीची नळयोजना एवढ्यात सहज बसते. चित्र पाहून चिन्हं आपोआप ओळखणारी नवी साधनंही आली आहेत. ती गोल ओळखतात. तो गोल खांब आहे की विहीर, यावर मात्र अजून माणसाची सही लागते.

महाराष्ट्रात विजेच्या क्षेत्रात हे काम अगदीच नवं नाही. केंद्राच्या २००८ च्या आर-एपीडीआरपी योजनेत ३० हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांत ग्राहक, ट्रान्सफॉर्मर आणि वाहिन्या नकाशावर आणून एकमेकांशी जोडणं अपेक्षित होतं. कोणत्या ट्रान्सफॉर्मरमधून किती वीज गेली आणि किती बिल झालं हे ताडून गळती शोधायची, हा हेतू होता. त्या जोडणीची खूण घरच्या वीजबिलावर दिसते. महावितरणच्या बिलात ग्राहक क्रमांकाखेरीज ‘डीटीसी’ असा एक आकडा छापलेला असतो. तो तुमच्या घराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा क्रमांक. एकाच खांबावरून वीज घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या बिलांवर हा आकडा वेगवेगळा असेल, तर दोघांपैकी एकाची जोडणी नोंदीत चुकली असण्याची दाट शक्यता आहे, आणि ती दुरुस्त करण्याचा अर्ज सेक्शन ऑफिसात देता येतो.